लाल पेटीतला लखोटा

“जीब वर कर,” मी म्हटलं.

“अगो, गिळलंय! खोटा कशाक सांगू तुका?” वासंती म्हणाली, आणि तरीही हसत तिने तोंड उघडून जीभ वर केली. मी टॉर्च मारून आत पाहिलं. सातही गोळ्या गेल्या होत्या. मग मी तिच्या कार्डावर त्या सोमवारच्या चौकोनात फुली मारली.

“शाळेत तू माझा पाठांतर घेतलंस नाय, आणि आता जीब तपासतंस,” ती म्हणाली.

“शाळेत माका पगार नव्हतो,” मी म्हटलं.

ही दोन हजार पाच सालातली गोष्ट. मी केरवण्याच्या उपकेंद्रात नर्स होते. सुनंदा परुळेकर, पण गावात मला सगळे सिस्टरच म्हणायचे. वासंती कांबळी तेवढी मला नावाने हाक मारायची, कारण पाचवीपासून आम्ही एका बाकावर बसलो होतो. तिला टीबी झाला होता. म्हणजे तसं कार्डावर लिहिलेलं होतं.

टीबीच्या औषधाची तेव्हा पद्धतच अशी होती की गोळ्या पेशंटच्या हातात द्यायच्या नाहीत. प्रत्येकाच्या नावाची एक लाल पुठ्ठ्याची पेटी यायची, तिच्यात त्याचं सगळं औषध असायचं, आणि ती पेटी आमच्या कपाटात राहायची. सोमवार, बुधवार, शुक्रवार पेशंटने यायचं आणि आमच्या डोळ्यांदेखत गिळायचं. पहिले दोन महिने संपले की नियम सैल व्हायचा, आठवड्याचा पहिला डोस समोर आणि बाकीचे घरी. मी मात्र तिन्ही समोरच घ्यायला लावायची. माझ्या हाताखालच्या एकाही पेशंटने नऊ वर्षांत औषध अर्धवट सोडलं नव्हतं. जिल्ह्याने मला त्याचं प्रशस्तिपत्र दिलं होतं आणि मी ते वजनकाट्याच्या वर, आल्यागेल्याला दिसेल असं लावलं होतं.

त्यामागे बाबल्या होता. माझ्या पहिल्या नेमणुकीतला हा टीबीचा पेशंट, रापणीवरचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरचा गडी. दोन महिन्यांत बरं वाटायला लागलं म्हणून तो यायचा बंद झाला, आणि मी नवखी, म्हटलं येईल. तो गेला, आणि वर्षाने त्याची बायकोही त्याच दुखण्याने गेली. त्यानंतर कुणी चुकवलं की मी त्याच्या दारात जाऊन उभी राहायची. जेवत असला तर ताटावरून उठवायची. लोक मला घाबरत, आणि मला ते आवडत असे, हेही सांगून टाकते.

वासंती गावातल्या काजूच्या फॅक्टरीत होती. सोललेले गर तिच्यापुढच्या ट्रेमध्ये ओतायचे आणि ती नजरेने ते वेगळे करायची. अख्खा, पाकळी, तुकडा, डागी. बोटं चालत असत आणि तोंडाने गप्पा. मालक म्हणायचा की वासंतीच्या ट्रेमध्ये दुसऱ्यांदा बघावं लागत नाही. खोकला सुरू झाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी भट्टीच्या धुराला बोल लावला. मग मानेला गाठी आल्या, ताप यायला लागला, वजन उतरलं. थुंकी तपासली तर काही सापडलं नाही, पण छातीच्या फोटोत दोन्ही बाजूंना गाठी आणि डाग. मानेच्या गाठीत सुई घालून तपासलं, त्यात टीबीत सापडतात तशा पेशी निघाल्या, आणि तो रिपोर्ट वाचून खोत साहेबांनी मान हलवली. डॉक्टर खोत हे आमच्या आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी. बत्तीस गावं त्यांच्या अंगावर आणि जीप एक. ते दर गुरुवारी माझ्या उपकेंद्रात येत.

“अशी गाठ म्हणजे आपल्याकडे टीबीच, सिस्टर,” ते म्हणाले. “पेटी उघडा.”

मी उघडली.

चौथ्या महिन्यात एका बुधवारी वासंती आली ती पदराखाली काहीतरी धरून. गोळ्या गिळल्या, जीभ दाखवली, आणि मग तिने एक लांबट पांढरा लखोटा माझ्या टेबलावर ठेवला. वर परदेशी छाप होता.

“जयवंतान धाडल्यान हा. वाडीतलो एकजण बोटीरसून सुट्टीर इलो, तेच्या हाती.”

जयवंत गिरप तिचा मोठा भाऊ. तो बोटीवर होता, इंजिनाच्या खोलीत. वर्षाचे नऊ महिने पाण्यावर.

“तेका पण असाच झाला होता,” ती सांगायला लागली. “पायाचे घोटे सुजले, नडग्यांवर तांबड्यो गाठी इल्यो, ताप इलो. बोट स्वीडनाक लागलेली. थय हॉस्पिटलात घातल्यानी, छातीचो फोटो काढल्यानी. फोटोत माझ्यासारख्योच गाठी. पण थयल्या डाक्टरान सांगल्यान, ह्यो टीबी न्हय. आणि सुनंदा, तो काय औषध न घेता बरो झालो गो! तीन म्हयन्यांत!”

लखोट्यात दोन कागद होते. एक इंग्रजी रिपोर्ट आणि एक जयवंतच्या हातचं पत्र. रिपोर्टमधला रोगाचा शब्द मी तोडून तोडून वाचला, सार्कॉइडोसिस. आमच्या नर्सिंगच्या पुस्तकात तो नव्हता. पत्रात जयवंतने लिहिलं होतं की इथले डॉक्टर म्हणतात हे रक्ताच्या नात्यात असू शकतं, वासंतीलाही हेच असेल, तिच्या डॉक्टरांना हा कागद दाखवा, डोळे आणि हृदय तपासून घ्या.

“सायबाक दाखव,” वासंती म्हणाली. “आणि तवसर गोळयो थांबवू काय? माका सोसणत नाय गो. काय खाल्ला तरी उलटून पडता.”

‘थांबवू काय’ हे शब्द ऐकले आणि माझं डोकं फिरलं.

“खबरदार! तुका बाबल्याची गोष्ट म्हायत आसा ना? शुक्रवारी इलंस नाय तर फॅक्टरीत येवन सगळ्यांसमोर गिळूक लावीन.”

“येतंय गो बाये, येतंय. पण दाखव हा.”

“दाखवतंय. उद्या येतत ते.”

दुसऱ्या दिवशी गुरुवार. साहेबांच्या वेळेला वासंती फॅक्टरीत असायची, त्यांची तिची गाठ क्वचितच पडे. खोत साहेब आले, त्यांनी पंचवीस-तीस पेशंट पाहिले, चहा घेतला. लखोटा माझ्या टेबलाच्या खणात होता. मी खण दोनदा उघडला आणि दोनदा बंद केला.

मी काय विचार केला तो जसाच्या तसा सांगते. स्वीडनसारख्या देशात टीबी उरलेला नाही. ज्यांनी तो कधी पाहिला नाही, ते त्याला दुसरंच काही नाव देणार. आपल्याकडे घराघरात टीबी. इथल्या छातीवरचा डाग ओळखायला त्यांनी आम्हाला शिकवायचं कारण नाही. आणि साहेब पडले मऊ. इंग्रजी कागद पाहिला की म्हणायचे, जरा थांबवून बघू. थांबवलं की वासंती बाबल्याच्या वाटेने जाणार, आणि पाठोपाठ तिची पाच वर्षांची पोर. मी माझ्या मैत्रिणीला वाचवत होते. त्या दिवशी मला असं वाटत नव्हतं, मला ते ठाऊक होतं. वजनकाट्याच्या वरचं प्रशस्तिपत्रही त्या विचारात कुठेतरी होतं, पण तेव्हा मी ते कबूल केलं नसतं.

शुक्रवारी वासंती दारातूनच म्हणाली, “काय म्हणाले सायब?”

“दाखवलंय,” मी म्हटलं. “वाचल्यानी. म्हणाले, थयली माणसां येगळी, हयली येगळी. तुझो टीबीच. गोळयो चालू ठेव.”

ती आत आली. मग खुर्चीवर बसली आणि हात पुढे केला.

“तू सांगतंस म्हणान घेतंय.”

सहा महिने पुरे झाले. लाल पेटी संपली आणि वासंती होती तिथेच होती. उलट आता चार पावलांवर धाप लागत होती आणि डोळे लाल व्हायला लागले होते. एके दिवशी ती आली तेव्हा तिच्या बोटांच्या टोकांना काळे डाग होते. मला लगेच कळलं. काजूच्या बिया फोडायच्या बाकावर बसणाऱ्या बायकांची बोटं तशी होतात, टरफलाच्या तेलाने.

“ट्रेवरसून काढल्यानी माका,” ती म्हणाली. “पाकळी आणि अख्खो माका येगळो कळणा नाय आता. सगळा धुरकट दिसता. मालक चांगलो, काढून टाकूक नाय. फोडूक बसवल्यान.”

मी तिच्या डोळ्यात बॅटरी मारली. तिला उजेड सहन झाला नाही, तिने माझा हात धरला.

“सुनंदा, सायबान तो कागद नीट वाचल्यान ना गो? त्यात डोळ्यांचा लिवलेला होता.”

“नीट वाचल्यानी,” मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे तसे झालेले, तिला माझा चेहरा कितपत दिसला कोण जाणे.

त्या गुरुवारी साहेबांनी तिचं कार्ड आणि जुना-नवा फोटो शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं. वासंती आली नव्हती. खोलीत आम्ही दोघंच होतो.

“एकही डोस चुकलेला नाही?” त्यांनी विचारलं.

“एकही नाही साहेब.”

“तुमच्याकडे चुकणार नाहीच.” ते फोटो खिडकीकडे धरून म्हणाले, “मग उतरत का नाही? काहीतरी चुकतंय. सिस्टर, हिच्या घरात कुणाला असं काही झालं होतं का? आईवडील, भावंडं?”

खण माझ्या गुडघ्याला लागलेला होता. लखोटा आत होता. हात घातला असता तर निघाला असता. पण साहेबांनी लगेच विचारलं असतं, हा कधी आला? आणि अडीच महिन्यांपूर्वी, हे मला सांगावं लागलं असतं. वासंतीला मी त्यांच्या तोंडचे म्हणून जे शब्द सांगितले होते, तेही बाहेर आले असते. पहिल्या वेळी मी खात्रीने लपवलं होतं. या वेळी खात्री डळमळली होती, आणि मी भ्याले.

“नाही साहेब,” मी म्हटलं. “घरात कुणाला काही नाही.”

त्यांनी निळ्या पेटीचा कागद भरला. औषध लागू पडलं नाही की निळी पेटी यायची. गोळ्या त्याच, आणि जोडीला दोन महिने इंजेक्शनं. ती मी दिली. आठवड्यातून तीनदा, वासंतीला बाकावर पालथी निजवून, माझ्या हाताने. तिच्या अंगावर मांस उरलं नव्हतं, सुईला जागा शोधावी लागायची. ती कण्हायची नाही. भिंतीकडे तोंड करून प्रांजलच्या, तिच्या पोरीच्या, काहीबाही गमती सांगायची.

निळ्या पेटीचा पाचवा आठवडा. शुक्रवार, सकाळचे दहा. वासंतीला फॅक्टरीतल्या दोघी धरून घेऊन आल्या. ती बिया फोडायच्या बाकावरच कलंडली होती.

“काय नाय गो, चक्कर,” ती म्हणाली. ओठ पांढरे पडले होते. “छातीत मधीच थांबल्यासारा होता. मग परत चालू होता.”

मी मनगट धरलं. घड्याळ बघत मोजलं. पुन्हा मोजलं. मिनिटाला छत्तीस. ठोका पडायचा, मग इतका वेळ काहीच नाही की मी तिच्या तोंडाकडे बघायची.

आरोग्य केंद्राला फोन केला. जीप यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात तिने मला हाताने खुणावलं, कपाटाकडे.

“आज शुक्रवार ना? गोळयो दी.”

“आज नको.”

“तुझ्या कार्डार फुली चुकात,” ती म्हणाली. चेष्टा करत होती. तशा अवस्थेत ती माझी चेष्टा करत होती.

जीपच्या मागच्या बाकड्यावर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रस्ता खाडीच्या कडेने जातो, वळणावळणाचा. लखोट्यातलं ‘हृदय तपासून घ्या’ हे वाक्य मला तेव्हा आठवलं, जयवंतच्या अक्षरासकट. मी ड्रायव्हरवर ओरडत होते, लवकर चल, लवकर चल.

“सुनंदा,” ती म्हणाली. मी वाकले. “जयवंताक सांग, मी एकव डोस चुकवलंय नाय. नायतर तो माकाच बोलात, औषधा घेतलंस नाय म्हणान.”

“तूच सांग तेका.”

“माझ्या चेडवाक, प्रांजलाक बघ हा.”

फाट्यावरच्या पुलाआधी माझ्या बोटांखालचा ठोका थांबला. मी पुढच्या ठोक्याची वाट बघितली. मग तिला खाली घेऊन छातीवर दाब दिला, तोंडाने श्वास दिला, आरोग्य केंद्र येईपर्यंत देत राहिले. साहेब धावत जीपपाशी आले आणि त्यांनीच माझे हात धरून बाजूला केले.

कार्डावर शेवटी एक ओळ असते, उपचाराचा निकाल. साहेबांनी तिथे लिहिलं, ‘मृत्यू’. आणि मला म्हणाले, “तुम्ही तुमच्या बाजूने सगळं केलंत, सिस्टर.”

जयवंत तीन महिन्यांनी आला. धट्टाकट्टा, उन्हाने रापलेला. तो उपकेंद्राच्या पायरीवर बसला, आत आला नाही.

“तू तो कागद सायबाक दाखवलंस ना?” त्याने विचारलं.

प्रांजल माझ्या कडेवर होती. साडेपाच वर्षांची, कडेवर घ्यायच्या वयाची नव्हे, पण आई गेल्यापासून ती खाली उतरत नव्हती. बाप गोव्यात एका हॉटेलात कामाला होता. तो पुढे तिकडचाच झाला, त्याने दुसरा संसार मांडला. पोर आजीकडे राहायची आणि शाळा सुटली की माझ्याकडे.

“दाखवलंय,” मी म्हटलं.

“मगे तेका कळला नाय.” जयवंतने डोळे पुसले. “नालायक माणूस. माझ्या बहिणीक मारल्यान. तू तरी दाखवलंस, तुझे उपकार.”

खोत साहेबांची तोवर बदली झाली होती. जयवंत जिथे तिथे त्यांना शिव्या घालायचा, चारचौघांत, लग्नाकार्यात. मी ऐकून घ्यायची.

वासंतीची रिकामी लाल पेटी मी घरी नेली. लखोटा तिच्यात ठेवला आणि पेटी माळ्यावर. जाळायचं मनात आलं होतं. जमलं नाही.

दोन हजार तेरा साली आम्हा नर्सेसचं एक प्रशिक्षण झालं. गोव्याहून छातीचे एक वयस्कर डॉक्टर आले होते. त्यांनी पडद्यावर एक फोटो लावला. दोन्ही बाजूंना गाठी, मधे डाग.

“हे काय?” त्यांनी विचारलं.

“टीबी!” आम्ही साठजणी एका सुरात ओरडलो. म्हणजे एकोणसाठ. मी तोंड उघडलं नाही. तो फोटो मी ओळखत होते.

“नाही,” ते म्हणाले, आणि त्यांनी तो शब्द उच्चारला. जो मी आठ वर्षांपूर्वी तोडून तोडून वाचला होता. ते सांगत होते की हा आजार का होतो ते अजून कुणाला नीट उमगलेलं नाही, पण तो घराण्यात उतरू शकतो, आणि जागोजागी वेगळा वागतो. उत्तरेकडच्या थंड मुलुखात तो पुष्कळदा पायावर लाल गाठी घेऊन येतो आणि आपसूक निघून जातो. अमेरिकेतल्या काळ्या लोकांत ठाण मांडून बसतो. जपानात डोळा आणि हृदय धरतो. एकाच घरातल्या दोघांनासुद्धा एकसारखा होईलच असं नाही, कारण रक्त एक असलं तरी आईबापांकडून काय कुणाच्या वाट्याला आलं ते वेगळं असतं.

“आणि आपल्याकडे, सर?” कुणीतरी विचारलं.

“आपल्याकडे तो आधी टीबीच्या गोळ्या खातो, मग आम्हाला भेटतो. भेटला तर. या देशात छातीवर डाग दिसला की पहिलं नाव टीबीचं, आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. म्हणून घरातल्या माणसांबद्दल विचारा. एक उत्तर बरोबर मिळालं तरी पेशंटचा रस्ता बदलतो. स्टेरॉइडच्या गोळ्या वेळेवर मिळाल्या तर डोळे वाचतात. हृदय धरलं असेल तर पेसमेकर बसवता येतो.”

संध्याकाळी प्रशिक्षण संपलं. घरी येताना ठरवलं होतं, जयवंतला सांगायचं, खोत साहेबांना शोधून सांगायचं. दारात प्रांजल उभी होती, तेरा वर्षांची, माझी वाट बघत. तिने दोन कप चहा करून ठेवला होता. “मावशे, किती उशीर!” म्हणाली. मला मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला. ते दार आणि तो चहा मी गमवायला तयार नव्हते. पुढची सहा वर्षं मी गप्प राहिले.

प्रांजल बरी आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. तिचं दुखणं मामाच्या वाटेने गेलं, आईच्या नाही. पण ते त्या दिवशी कुणाला ठाऊक नव्हतं.

दोन हजार एकोणीसचा मार्च. ती एकोणीस वर्षांची, कॉलेजात. दुपारी माझ्याकडे आली आणि तिने सलवार गुडघ्यापर्यंत वर केली.

“मावशे, बघ गो पाय माझे.”

घोटे सुजलेले आणि दोन्ही नडग्यांवर लाल, गरम, दुखऱ्या गाठी. मी एकेक गाठ बोटाने दाबून पाहिली.

तिला घेऊन आरोग्य केंद्रात गेलो, मी आणि जयवंत. तो आता निवृत्त होऊन गावात राहत होता, आणि भाचीच्या बाबतीत त्याचा जीव थाऱ्यावर नसायचा. नवे डॉक्टर तरुण, सोलापूरकडचे, नाव हिरेमठ. त्यांनी छातीचा फोटो काढवला. फोटो बघताच त्यांचा चेहरा गंभीर झाला. दोन्ही बाजूंना गाठी.

प्रांजलने टेबलाखाली माझा हात पकडला.

डॉक्टरांनी टीबीचा कागद पुढे ओढला. आता पेट्या राहिल्या नव्हत्या, पण कागद होताच.

“घरात कुणाला टीबी होता?” त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

“आईला होता,” प्रांजल म्हणाली. “त्यातच गेली. मी पाच वर्षांची होते.”

“किती महिने औषध घेतलं होतं त्यांनी?”

“आठ. एकही डोस चुकवला नव्हता. मावशीनेच दिलं होतं,” ती म्हणाली, आणि त्यात माझा अभिमान होता.

“तरी गेल्या. म्हणजे औषधाला दाद न देणारा असावा,” डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. “मग हिला साध्या गोळ्यांवर ठेवून चालणार नाही.” आणि त्यांनी कागदावर ‘आई : क्षयरोग’ असं लिहायला घेतलं.

“नव्हता,” मी म्हटलं.

डॉक्टरांनी वर पाहिलं.

“हिच्या आईला टीबी नव्हता.” माझी पर्स मांडीवर होती. निघताना मी माळ्यावर चढले होते. लखोटा काढून टेबलावर ठेवला. चौदा वर्षांत तो पिवळा पडला होता, पण छाप वाचता येत होता. “हा हिच्या मामाचा रिपोर्ट. दोन हजार पाचचा. त्यांच्याही पायावर अशाच गाठी आल्या होत्या. वासंतीचे डोळे गेले होते, आणि शेवटी नाडी छत्तीसवर आली होती. मी मोजली होती.”

डॉक्टरांनी रिपोर्ट उलगडला, पत्रही वाचलं. मग पेन खाली ठेवलं आणि आत वाकून हाक मारली, “हिचा ईसीजी काढा आधी, आत्ता.” टीबीचा कागद त्यांनी बाजूला सारला. “डोळेही आजच बघून घेऊ. आणि गोव्याला चिठ्ठी देतो, गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय काहीच सुरू करायचं नाही. बरं झालं हे सांगितलंत.”

जयवंत लखोट्याकडे बघत होता. त्याच्याच अक्षरात त्यावर वासंतीचं नाव होतं.

“ह्यो माझो लखोटो,” तो म्हणाला. “तुझ्याकडे कसो? सायबाक दिललंस ना तू?”

“हा कागद तेव्हाच्या डॉक्टरांनी पाहिला होता का?” हिरेमठांनी विचारलं. त्यांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं, त्यांनी आपला रिपोर्टसाठी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “त्यांना तो मी दाखवलाच नाही. त्यांनी विचारलं होतं, घरात कुणाला काही होतं का. मी नाही म्हटलं. वासंतीला सांगितलं, साहेबांनी वाचला.”

जयवंतने लखोटा टेबलावरून उचलून घेतला. आत कुणीतरी ईसीजीचं यंत्र ओढत आणत होतं, त्याच्या चाकांचा आवाज येत होता.

टेबलाखाली प्रांजलचा हात अजून माझ्या हातात होता. मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिने बोटं एकेक करून सोडवली, हात काढून घेतला, आणि उठून ईसीजीच्या खोलीत एकटी गेली.